बॅटरीची कमान वेगळी, थर्मोइलेक्ट्रिकची वेगळी

इम्पिडन्सच्या (बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाच्या) नायक्विस्ट आलेखावर, म्हणजे वारंवारता बदलत काढलेल्या आलेखावर, कमान दिसली की सवयीचं सर्किट लागतं: आधी एक रोध, पुढे रोध आणि कपॅसिटर समांतर. बॅटरी किंवा गंजावर काम केलेल्यांना हे तोंडपाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पण हेच सर्किट बिस्मथ टेल्युराइड या थर्मोइलेक्ट्रिक (उष्णता आणि वीज यांचं एकमेकांत रूपांतर करणाऱ्या) पदार्थाच्या तुकड्याला लावून ‘चार्ज ट्रान्सफर रोध कमी करायला हवा’ असं लिहिलेले अहवाल सारखे वाचनात येतात आणि जीव तुटतो. त्या तुकड्यात, बाकी सगळं तेच असताना, कमान जितकी मोठी तितका पदार्थ चांगला!

बॅटरीतली कमान म्हणजे इलेक्ट्रोडच्या सीमेवर विद्युतभाराला होणारी अडवणूक, हाच तो चार्ज ट्रान्सफर रोध. थर्मोइलेक्ट्रिक तुकड्यात अशी सीमाच नाही. तिथे प्रवाह सोडला की पेल्टिअर परिणामाने एक टोक तापतं, दुसरं गार पडतं. या तापमानफरकातून सीबेक परिणामाचं जादा व्होल्टेज उभं राहतं. यंत्राला यातलं काही कळत नाही. ते व्होल्टेजला प्रवाहाने भागतं आणि उत्तर ओहममध्ये देतं. म्हणून ते रोधासारखं दिसतं. खरं तर आपण उष्णता मोजत असतो.

वारंवारता जास्त असली की प्रवाहाची दिशा इतक्या झटपट पालटते की टोकांना तापायला सवडच मिळत नाही. तिथे उरतो साधा ओहमिक रोध. वारंवारता उतरवत नेली की तापमानफरक पुरता बसतो आणि त्यात थर्मोइलेक्ट्रिक रोधाची भर पडते. ही भर म्हणजे सीबेक गुणांकाचा (एका अंशाच्या फरकाला मिळणाऱ्या व्होल्टेजचा) वर्ग, गुणिले तापमान, गुणिले लांबी, भागिले उष्णतावाहकता आणि क्षेत्रफळ. भरीला ओहमिक रोधाने भागलं की लांबी आणि क्षेत्रफळ दोन्ही उडतात आणि हातात थेट झेडटी, म्हणजे थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाची गुणवत्ता सांगणारा आकडा, उरतो. तुकड्याचं माप न घेता! संशोधक हार्मन यांनी 1958मध्ये डीसी प्रवाहाने हीच किमया दाखवली होती. इम्पिडन्समध्ये मधली सगळी वाटही दिसते.

भागाकार मात्र भरीचा करायचा. कमान आडव्या अक्षाला छेदते ते दोन बिंदू बघा: जास्त वारंवारतेचा पहिला छेद 2.0 ओहम आणि कमी वारंवारतेचा शेवटचा 3.4 असेल तर भर 1.4, म्हणजे झेडटी 0.7. थेट 3.4 ला 2.0 ने भागून 1.7 छापू नका.

उघड्या तुकड्याची कमान अर्धवर्तुळ नसते. ती 45 अंशांत चढते आणि मग वळते. बॅटरीवाले त्याला वॉरबर्ग म्हणतील. गणित तेच आहे, फक्त इथे आयनांऐवजी उष्णता पसरते. असे अनेक तुकडे जोडून केलेल्या मॉड्यूलला सिरॅमिकच्या पट्ट्या असल्या की त्यांच्या उष्माधारकतेमुळे कमान अर्धवर्तुळाकडे झुकते, आणि मग कपॅसिटर बसवलात तर बिस्किटाएवढ्या मॉड्यूलला काही फॅरड मिळतात. एवढा आकडा बघूनच थांबायला हवं. तिथे विद्युतभार साठलेला नसतो, उष्णता साठलेली असते.

मल्टीमीटरने पेल्टिअर मॉड्यूलचा रोध मोजणं तर मी बंदच करायला सांगतो. तुकड्यांच्या 127 जोड्या असलेल्या मॉड्यूलमध्ये दोन बाजूंत एक अंशाचा फरक पडला तरी सुमारे 50 मिलिव्होल्ट तयार होतात. मीटर 1 मिलिअँपिअर सोडत असेल तर 2 ओहमचे होतात 2 मिलिव्होल्ट. एका बाजूला बोट टेकवलं की आकडा कुठल्या कुठे जातो, प्रोब उलटे लावले की उणे येतो.

मोजणीत माझा आग्रह एवढाच: चार तारा (दोन प्रवाहाला, दोन व्होल्टेजला), ठरलेला लहान एसी प्रवाह, डीसी शून्य, आणि तुकडा बारीक तारांवर निर्वातात लटकवलेला. हवेत ठेवलात तर उष्णता बाजूंनी निसटते आणि कमान आखडते. दोन्ही टोकं तांब्यात घट्ट दाबलीत तर कमान जवळजवळ नाहीशीच होते. मॉड्यूल असेल तर मिलिहर्ट्झपर्यंत खाली उतरा, कंटाळा करू नका. कमान आडव्या अक्षाला टेकण्याआधीच मोजणी आवरली तर शेवटचा छेद अंदाजाने काढावा लागतो.

एक गोष्ट कमानीतून सुटत नाही. सोल्डरच्या सांध्याचा रोध पहिल्याच छेदात मिसळतो आणि झेडटी खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तो वेगळा काढायला एकाच पदार्थाचे दोन-तीन वेगळ्या लांबीचे तुकडे कापावे लागतात.