दोन माड, एक तार आणि तीन स्पर्धा

जानेवारीतल्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी पेडण्यातल्या आमच्या घरात जेवायचं कधी आणि झोपायचं कधी, हे सूर्य ठरवतो. हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओच्या, तीन मोठ्या स्पर्धा त्या दोन दिवसांत एकमेकींवर चढलेल्या असतात. १६० मीटर बँडवरची, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींच्या पट्ट्यातली, मोर्सची (डॉट-डॅशच्या संकेतांची) स्पर्धा आपल्या घड्याळाने शनिवारी पहाटे ३.३० ला सुरू होते, ती सोमवारी पहाटे ३.३० पर्यंत. फ्रान्सची मोर्स स्पर्धा शनिवारी सकाळी ११.३० ला सुरू होते आणि बेल्जियमची, माइकवर बोलून खेळायची, संध्याकाळी ६.३० ला. तिन्हींत काम एकच: मुदतीत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधायचा, आणि त्यातही नवनवे देश-प्रांत गाठायचे.

माणूस एक, रेडिओ एक. तरी तिन्हींत भाग घेता येतो, कारण आकाश सगळे बँड एकदम उघडत नाही.

सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, हवेचा तो भाग म्हणजे आयनांबर. त्यातला सर्वांत खालचा डी थर ६० ते ९० किलोमीटरवर असतो. तिथं हवा त्यामानाने दाट. रेडिओलहर इलेक्ट्रॉनला झुलवते, तो हवेच्या रेणूंवर आपटतो आणि लहरीची शक्ती उष्णतेत जिरते. १६० मीटरच्या लहरीचा एक झोका १० मीटरच्या लहरीच्या झोक्यापेक्षा सुमारे १५ पट वेळ चालतो. इलेक्ट्रॉनला तेवढा जास्त वेळ एकाच दिशेने रेटा मिळतो, तो जास्त वेग घेतो आणि जास्त शक्ती वाया घालवतो. म्हणून भर दुपारी गोव्यातून १६० मीटरवर युरोप ऐकायची आशाच धरू नये.

त्याच दुपारी १५ आणि १० मीटरच्या लहरी डी थरातून सहज पार होतात, साधारण ३०० किलोमीटरवरच्या एफ थरावरून वळून खाली येतात आणि दोन-तीन उड्यांत ७,००० किलोमीटरवरचं ब्रुसेल्स गाठतात. दुपार फ्रान्सला द्यायची ती यासाठी. शिवाय हिंदी महासागरातलं रियुनियन बेट फ्रान्सचंच असल्याने त्या स्पर्धेत चालतं. युरोपच्या निम्म्याहून थोडं जास्त अंतर, आणि वाट दक्षिणेची. युरोप मंदावला तरी ते बेट कानात खणखणीत वाजतं तेव्हा मला फार आनंद होतो.

तीन स्पर्धांत पाठवायचा मजकूर मात्र वेगवेगळा. १६० मीटरवर सिग्नलचा दर्जा ५९९ आणि जगाच्या ठरवून दिलेल्या विभागांपैकी आपल्या विभागाचा क्रमांक, भारताचा २२. मोर्समध्ये ९ म्हणजे चार डॅश आणि एक डॉट. एवढा वेळ कोण घालवणार? त्याऐवजी ‘एन’ वाजवतात, एक डॅश, एक डॉट. फ्रान्सला विभागाऐवजी संपर्काचा अनुक्रमांक द्यायचा. रात्रभर २२ वाजवलेली बोटं दुपारी तेच वाजवतात. एका वर्षी माझे काही संपर्क असेच बाद झाले, कारण दोन्हीकडच्या नोंदी संगणक ताडून बघतो.

माझी १६० मीटरची तार ४० मीटर लांब, लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी. नारळ पाडायला येणाऱ्या पाडेलीने ती एका माडावर चढवून दुसऱ्याकडे ओढून दिली. माड वाऱ्याने डुलतात, तार ताठ बांधली तर तुटते. म्हणून दोरी कप्पीवरून घेऊन तिच्या टोकाला दगड भरलेला डबा लटकवलाय. माड हलला की डबा वरखाली होतो, तार शाबूत.

सूर्य मावळला की डी थरातले इलेक्ट्रॉन दाट हवेत झपाट्याने पुन्हा अणू-रेणूंना चिकटतात आणि तो थर जवळजवळ नाहीसा होतो. एफ थरातली हवा इतकी विरळ, की तिथले बरेच इलेक्ट्रॉन रात्रभर सुटेच राहतात. मग १६० मीटर जागा होतो. जानेवारीत आपल्याकडे विजांची खरखर नसते, मे महिन्यात याच बँडवर काही ऐकू येत नाही. खरी वेळ पहाटेची. आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास, युरोपात तेव्हा मध्यरात्र उलटलेली. सूर्य उगवण्याआधी काही मिनिटं, रात्रभर कुजबुजणारे सिग्नल अचानक वर येतात. मग डी थरावर ऊन पडतं आणि एकेक केंद्र बुडत जातं.

ही स्पर्धा सोमवारी सूर्योदयाच्या साडेतीन तास आधीच संपते, म्हणजे अशा पहाटा मिळतात दोनच. रविवारी पहाटे बाकीच्या दोन्ही स्पर्धा चालूच असतात. ती पहाट मी त्यांना देत नाही.