ट्रॅप कॅमेरा : माफक किमतीच्या यंत्राची निवड

ट्रॅप कॅमेरा म्हणजे झाडाला किंवा खुंटाला बांधून ठेवण्याचा आणि समोरून जाणाऱ्या प्राण्याचे छायाचित्र माणसाच्या अनुपस्थितीत आपोआप टिपणारा कॅमेरा. अमेरिकेत त्याला ट्रेल कॅमेरा म्हणतात. तेथे त्याचा मुख्य ग्राहक शिकारी असतो आणि हरिणे कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी येतात हे हंगामाआधी कळावे म्हणून तो हे यंत्र लावतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे कलम ११ (माणसाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबतची परवानगी) सारखे मोजके अपवाद वगळता शिकारीला बंदी आहे. त्यामुळे पुणे परिसरात हेच यंत्र विकत घेणारे लोक वेगळे आहेत : जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांतील ऊसपट्ट्यातले शेतकरी, वन विभाग, संशोधक आणि सासवड-सुप्याच्या माळावर लांडगे किंवा खोकड शोधणारे हौशी निरीक्षक. अमेरिकी शिकाऱ्याच्या सोयीच्या खुणा मात्र यंत्रावर राहिलेल्या आहेत. चित्राच्या तळाशी वेळेबरोबर चंद्रकला छापली जाते, तापमान अनेकदा फॅरनहाइटमध्ये असते आणि तारखेत महिना आधी येतो. पहिल्या दिवशीच ही मांडणी बदलून घेतली नाही, तर नोंदींत पुढे हमखास घोटाळा होतो.

स्वयंचलित छायाचित्रणाचा प्रारंभ १८९० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी वाटेवर ताणलेल्या तारेच्या साहाय्याने केला. भारतात १९२० च्या दशकात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याच युक्तीने रानातल्या वाघांची छायाचित्रे घेतली. अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या काढण्याची पद्धत वन्यजीवशास्त्रज्ञ के. उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे रुजवली. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. पुण्याच्या दृष्टीने अधिक जवळचे काम अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरातले आहे. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भरवस्तीच्या शेतीप्रदेशात दर १०० चौ. किमी. मागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज ट्रॅप कॅमेऱ्यांवरूनच मांडण्यात आला.

यंत्राचा जीव त्याच्या भिंगात नसून अवरक्त (उष्णतेचे किरण जाणणाऱ्या) संवेदकात असतो. हा संवेदक स्वतः काही किरण सोडत नाही. पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू समोरून सरकली की तो कॅमेऱ्याला जागे करतो. खोक्यावरचा मेगापिक्सेलचा मोठा आकडा म्हणूनच फसवा ठरतो. स्वस्त कॅमेऱ्यांत चित्र टिपणाऱ्या भागाची प्रत्यक्ष क्षमता त्या आकड्याहून पुष्कळ कमी असते आणि उरलेले बिंदू गणिताने भरून चित्र फुगवलेले असते. त्यामुळे फाइल जड होते, पण बिबट्याच्या अंगावरचे ठिपके काही स्पष्ट होत नाहीत. त्याऐवजी चालना मिळाल्यापासून चित्र निघेपर्यंत लागणारा वेळ पाहावा. सहज चालीने जाणारा बिबट्या सेकंदाला साधारण एक मीटर अंतर कापतो आणि कॅमेरा वाटेपासून तीन मीटरवर असेल तर चौकटीत जेमतेम अडीच-तीन मीटर वाट मावते. अशा ठिकाणी हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत असावा. एका सेकंदाहून अधिक वेळ घेणारा कॅमेरा महिनाभर शेपट्याच गोळा करतो. पाणवठ्यावर प्राणी थांबून राहतो, त्यामुळे तेथे मंद यंत्रही चालते. दोन चित्रांमधला विराम ही बाब जाहिरातीत क्वचितच ठळक असते, परंतु आईमागून येणारी पिल्ले दिसणार की नाही हे त्यावरच ठरते.

रात्रीच्या प्रकाशाचे तीन प्रकार आढळतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त दिवे दूरवर उजेड टाकतात, पण त्यांची मंद लाल चमक डोळ्यांना दिसते. ९४० नॅनोमीटरचे दिवे माणसाला दिसत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. पांढरा झोत रंगीत व रेखीव चित्र देतो आणि एकेक वाघ-बिबट्या ओळखायचा असेल तर तोच उपयोगी पडतो. शेताच्या बांधावर कॅमेरा चोरीला जाण्याची भीती बिबट्या बुजण्याच्या भीतीपेक्षा मोठी असल्याने तेथे ९४० चा दिवा आणि सोबत कुलपाची तार घेणे शहाणपणाचे.

पुण्याच्या हवामानाने यंत्राची खरी परीक्षा होते. एप्रिल-मे महिन्यांत बारामती-इंदापूरच्या माळावर दुपारचे तापमान प्राण्याच्या अंगाच्या तापमानाजवळ पोहोचते, तेव्हा संवेदकाला फरकच जाणवत नाही. त्या काळात दिवसाची चित्रे कमी आली म्हणून प्राणी नव्हते, असा निष्कर्ष काढू नये. उलट ऊन-वाऱ्यात हलणारे गवत शेकडो रिकामी चित्रे काढवते, म्हणून समोरचे गवत कापावे आणि कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवावे. मुळशी, वेल्हे किंवा भीमाशंकरच्या पावसात काचेवर आतून बाष्प धरते. झाकणाचे रबर आणि आत ठेवलेली सिलिका जेलची पुडी यांना तेथे फार महत्त्व येते. मुंग्याही आत घर करतात. बिबट्यासाठी उंची साधारण गुडघ्याइतकी पुरते.

किमतीचा विचार खोक्यापुरता करणे ही नेहमीची चूक होय. आठ पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा रात्री व्हिडिओ काढू लागला की सेल झपाट्याने उतरतात, आणि वर्षभराच्या सेलांचा खर्च स्वस्त कॅमेऱ्याच्या किमतीशी बरोबरी करू शकतो. पुन्हा भरता येणारे सेल दीर्घकाळात परवडतात, परंतु त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो आणि काही यंत्रे तेवढ्यावर रात्रीचा दिवा नीट पेटवत नाहीत. हे आधी विचारून घ्यावे. सिमकार्डाचा कॅमेरा चित्र थेट फोनवर पाठवतो. मात्र परदेशातून मागवलेले असे यंत्र येथील फोरजी जाळ्यावर चालेलच असे नाही आणि खोऱ्यातल्या गावात जाळे मुळातच क्षीण असते. ठिपक्यांवरून बिबटे मोजायचे असतील तर वाटेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांवर झोत पडणार नाही असे थोडे सरकवून, दोन कॅमेरे लावावे लागतात, कारण डाव्या व उजव्या कुशीची नक्षी सारखी नसते. अशा वेळी एका महागड्या यंत्रापेक्षा एकाच बनावटीची दोन मध्यम यंत्रे बरी. गोठ्याकडे बिबट्या येतो की भटके कुत्रे, एवढेच पाहायचे असेल तर एक पुरतो.

यंत्राच्या नावात सापळा असला तरी ते काही पकडत नाही. कायद्याला हरकत असते ती त्याच्यापुढे मांडलेल्या आमिषाला. अमेरिकेत कॅमेऱ्यासमोर मका टाकण्याची रीत आहे, पण आपल्या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणेही येते, त्यामुळे चित्रासाठी कोंबडी बांधणे हा गुन्हा ठरू शकतो. अभयारण्यात कॅमेरा लावण्यासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते. खुद्द अमेरिकेतही या यंत्राने शिकार फार सोपी होते, असा आक्षेप घेतला जातो आणि ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी त्याचा वापर बंद केला आहे. शेतात बिबट्याचे चित्र मिळाल्यास ते जागेच्या खुणेसह व्हॉट्सॲपवर फिरवण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.