डांबरावरचं वळण आणि मुरमावरचं वळण

‘वळणावर अंग आत टाक.’ मोटरसायकलवाल्यांना मिळणारा हा सल्ला चांगला आहे, पण डांबरासाठी. मुरमाच्या रस्त्यावर नवख्या माणसाला हेच सांगणारे काही कमी होत नाहीत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

डांबराचं तुम्हाला येतंच. ताम्हिणीत गाडी कलते तसे आपणही कलतो. वेग जास्त असेल तर अंग आणखी थोडं आत. त्यामुळे गाडी कमी आडवी होते, फूटपेग (पाय ठेवायची दांडी) रस्त्याला घासत नाही. पुढे जाऊ.

मुरमावर उलटं. गाडी आत ढकलायची, आपण मात्र ताठ, किंचित बाहेरच. आतला हात सरळ होतो, बाहेरचा कोपर वर येतो, बाहेरचा गुडघा टाकीला चिकटतो, भार बाहेरच्या फूटपेगवर.

इथवर सगळे बरोबर सांगतात. मग म्हणतात, ‘बाहेरच्या पेगवर वजन दिलं की ग्रिप वाढते.’ नाही वाढत! रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे १९६ किलोची, वर तुम्ही. कुठल्याही पायावर उभे राहा, टायरवर भार तेवढाच. त्याच वेगात तेच वळण घ्यायचं तर टायरला आडवा जोरही तेवढाच लावावा लागतो. फायदा कळतो तो टायर सुटल्यावर. अंग आत असेल तर चाक बाहेर सरकताच खाली आधार उरत नाही, गाडीबरोबर तुम्हीही आडवे. अंग टायरच्या वर असेल तर गाडी खालच्या खाली चार बोटं सरकते, पुन्हा धरते, आणि तुम्ही जिथल्या तिथे. शिवाय कमी वेगात कललेली गाडी लहान जागेत वळते, आणि नॉबी (मोठ्या गुट्ट्यांचे, मातीसाठीचे) टायर असतील तर कडेच्या गुट्ट्या मातीत रुततात. पण ग्रिप पुरत नाही असं वाटत असेल तर वेग कमी करा, वळणाच्या आधीच. पेगवर नाचून काही होणार नाही.

ब्रेक गाडी सरळ असतानाच. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर मातीत करा. टायरची हवा थोडी कमी चालते, पण काहीजण प्रत्येक दुखण्यावर हवाच काढतात, त्यांना नमस्कार.

आणि फोटोतल्या मोटोक्रॉसवाल्यासारखा (मातीच्या ट्रॅकवर शर्यत करणाऱ्यासारखा) आतला पाय बाहेर काढू नका. त्याची गाडी ११० किलोच्या आसपास, पायात घोट्याला घट्ट धरणारे बूट. सामान लादलेली गाडी ट्रेकिंगच्या बुटावर पडली तर घोटा गेलाच.

राहिलं ते डंपरमधून सांडलेल्या खडीचं डांबरी वळण. तिथे मी डांबर विसरतो: वेग आधीच उतरवतो, अंग ताठ, थ्रॉटल आहे तिथेच. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत बसला तर बसू दे.