हेम्पच्या बिया घेताय? आधी हे वाचा, काय चालतं आणि काय नाही

नमस्कार मंडळी. दुकानात रोज कुणीतरी काउंटरपाशी येतं, आवाज खाली करतं आणि विचारतं, "अहो, हे म्हणजे गांजाच ना?" मग आम्ही हातातलं काम ठेवून समजावून सांगतो, पण मागे लाइन असली की नीट सांगणं होत नाही आणि अर्धवट ऐकून माणूस घरी जातो. म्हणून हा कागद छापलाय. निवांत वाचा, घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा, कारण शंका जास्त त्यांनाच असते आणि ती रास्त आहे.

झाड एकच आहे हो. भांग, गांजा, चरस, विजया, हेम्प, सगळं एकाच झाडाचं. फक्त आपला कायदा झाडाचा कुठला भाग ते बघतो. 1985 चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, त्यात फुलोरा म्हणजे गांजा आणि त्या झाडाची काढलेली राळ म्हणजे चरस, आणि बिया किंवा पानं जर फुलोऱ्याबरोबर आलेली नसतील तर ती गांजात धरत नाहीत. एवढ्या एका वाक्यावर आमचं अख्खं दुकान उभं आहे. आम्ही फक्त बिया, बियांचं तेल आणि बियांचं पीठ विकतो. पान नाही, फूल नाही, अर्क नाही.

बी म्हणजे नेमकं काय ते बघायचं असेल तर काउंटरवरच्या काचेच्या बरणीतली चिमूटभर हातावर घ्या. धण्यापेक्षा जरा लहान, राखाडी-तपकिरी, वरून बारीक जाळीदार नक्षी, आणि सोलल्यावर आत पांढरट हिरवा मऊ गर, चव अक्रोडाच्या जवळ जाणारी. उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये ह्याच बिया भाजून, वाटून, वर लिंबू पिळून चटणी करतात, आपल्याकडे कारळाची किंवा जवसाची करतो तशीच. तिकडे पोरंबाळं पिढ्यान् पिढ्या खातायत.

तरी चाचणी कशाला लागते, हे विचारलंच पाहिजे तुम्ही. नशा आणणारा पदार्थ टीएचसी, तो बीच्या आत जवळपास नसतोच, पण बी ज्या हिरव्या टोपणात वाढते त्या टोपणावर चिकट राळ असते आणि मळणी करताना ती सालीला लागते. माल नीट साफ केला नाही तर तेवढी राळ बीबरोबर पाकिटात येते. म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, नोव्हेंबर 2021 मध्ये बियांना अन्न म्हणून मान्यता दिली तेव्हा सोबत मर्यादाही घातली, बिया, तेल आणि पीठ ह्यांत किलोमागे टीएचसी 5 मिलिग्रॅमच्या वर नको, बियांपासून बनवलेल्या पेयात 0.2 मिलिग्रॅमच्या वर नको आणि सीबीडी (त्याच झाडातला, पण नशा न आणणारा पदार्थ) 75 मिलिग्रॅमच्या वर नको. 5 मिलिग्रॅम म्हणजे किती ते असं समजा, उत्तराखंडने 2018 पासून हेम्पच्या शेतीला लायसन्स द्यायला सुरुवात केली, देशात पहिलं राज्य तेच, तिथे उभ्या पिकाला टीएचसीची मर्यादा 0.3 टक्के आहे, म्हणजे किलोला 3000 मिलिग्रॅम. खायच्या बियांची मर्यादा त्याच्या सहाशेपटीने कमी. आम्ही प्रत्येक बॅचचा लॅब रिपोर्ट फाइलला ठेवतो. पाकिटावरचा बॅच नंबर सांगा, रिपोर्ट दाखवतो, लाजू नका मागायला.

पाकीट कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण उलटून बघा. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर असलाच पाहिजे. आणि ज्या खाण्याच्या पाकिटावर ते पाच-सात बोटांचं हिरवं पान छापलंय किंवा "मस्त झिंग" टाइप काही लिहिलंय ते सरळ परत ठेवा, कारण नियमाप्रमाणे लेबलवर बीचं चित्र चालतं, पानाचं नाही, आणि नशा येईल असं सुचवायचं तर बिलकुल नाही. जो दुकानदार लेबलचा नियम पाळत नाही तो आतल्या मालाचा पाळत असेल ह्यावर आमचा विश्वास नाही.

आता भांग, म्हणजे ह्याच झाडाची वाटलेली पानं. होळीच्या आधी पंधरा दिवस फोन सुरू होतात, "थंडाईत टाकायला थोडी मिळेल का". नाही मिळणार, आणि आमच्या थंडाई मसाल्यातही भांग नसते, बदाम, बडीशेप, खसखस, मिरी, वेलची एवढंच. लोक म्हणतात अहो बनारसला तर सरकारी दुकानात मिळते, जैसलमेरला बोर्ड लावून विकतात. बरोबर आहे. पान एनडीपीएसच्या गांजात येत नाही म्हणून भांगेचं काय करायचं ते राज्यांवर राहिलं, उत्तर प्रदेश आणि राजस्थानने ठेके दिले. आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात भांग हे मादक द्रव्य धरलंय, म्हणजे परवान्याशिवाय बनवणं, विकणं, जवळ ठेवणं, पिणं सगळं गुन्हा, आणि हे खातं राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे येतं. तेव्हा काशीयात्रेहून येताना भांगेच्या गोळ्या पिशवीत टाकून आणू नका. तिथे कायदेशीर घेतली तरी इथे ती पिशवी तुमच्याच अंगाशी येणार.

दुसरा गैरसमज ह्याहून धोक्याचा आहे आणि तो मुख्यतः कॉलेजच्या मुलांमध्ये आहे. "एक किलोपर्यंत चालतं, कायद्यातच लिहिलंय." अरे बाबांनो, असं कुठेही लिहिलेलं नाही. गांजाचा 1 किलो आणि चरसाचे 100 ग्रॅम ही "अल्प प्रमाणा"ची हद्द आहे, ती फक्त शिक्षा किती ते ठरवायला. अल्प प्रमाणातही एक वर्षापर्यंत कैद, 10,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. गांजा 20 किलोच्या वर गेला की ते व्यापारी प्रमाण, तिथे किमान दहा वर्षं. आणि नुसतं ओढताना सापडलं तरी सहा महिन्यांपर्यंतची कैद होऊ शकते. आमच्या स्वतःच्या ओळखीतला एक मुलगा ह्याच "चालतं रे"वर अडकला, पुढे नोकरीच्या व्हेरिफिकेशनला त्याचं काय झालं ते त्याच्या आईनेच ह्या काउंटरवर उभं राहून सांगितलं. तेव्हापासून आम्ही हे प्रत्येकाला सांगतो.

बिया कुंडीत लावू का, हाही नेहमीचा प्रश्न. नका लावू. आम्ही भाजलेल्या आणि सोललेल्याच देतो त्यामुळे त्या रुजणार नाहीत, पण कुठून कच्च्या मिळाल्या तरी नका. लायसन्सशिवाय एक रोप लावलं तरी तो एनडीपीएसखाली गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. गॅलरीतल्या शोभेसाठी एवढं कोण भोगणार.

सीबीडी तेल, विजया अर्क, झोपेसाठीच्या गोळ्या हे आम्ही ठेवत नाही. ते बेकायदाच असतं असं म्हणत नाही आम्ही, आयुर्वेदात विजया आहे आणि रीतसर लायसन्स घेऊन औषधं बनवणाऱ्या कंपन्याही आहेत. पण भांग ही औषधांच्या नियमांतल्या ई-1 यादीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, वत्सनाभ, धोतरा, कुचला ह्यांच्या शेजारी. अशा पोटात घ्यायच्या औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावीच लागते. म्हणजे ते वैद्यांचं काम, किराणा विकणाऱ्याचं नाही. गुडघेदुखीवर मागायला येणाऱ्या आजीआजोबांना आम्ही हात जोडून हेच सांगतो, आधी वैद्यांना दाखवा, चालू गोळ्या सांगा, आणि औषधाच्या बाटलीवर आयुर्वेदिक उत्पादन लायसन्स नंबर आहे का ते बघून मगच घ्या.

परदेशातून येणाऱ्यांसाठी खास. मुलगा-सून अमेरिकेत असतात, तिकडे हेम्प म्हणून गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, साध्या दुकानात मिळतात, आईला झोप लागत नाही म्हणून प्रेमाने बॅगेत टाकतात. तिकडे 2018 च्या कायद्याने हेम्प वेगळं काढलं म्हणून ते मिळायला लागलं, पण मुंबईच्या कस्टम्सला तो कायदा लागू नाही, गमीमध्ये टीएचसी निघालं तर बॅग ज्याची, केस त्याची. थायलंडचं तसंच, 2022 ला तिकडे मोकळं केलं आणि 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं, पण तिकडे काहीही असो, इकडे आणायचं नाही. उलट दिशेनेही तेच, आमच्या बियांचं पाकीट दुबई किंवा सिंगापूरला नेऊ नका. तिथले कायदे फार कडक आहेत, चटणीसाठी विषाची परीक्षा कशाला.

मर्चंट नेव्हीत किंवा जिथे लघवीची चाचणी होते अशा नोकरीत घरचं कुणी असेल तर त्याच्या डब्यात ही चटणी घालण्याआधी कंपनीच्या डॉक्टरला विचारा. मर्यादेतला माल असला तरी आम्ही हे सांगतो, कारण नोकरी त्याची जाईल, आमची नाही.

आणि तेलाबद्दल. फोडणीला वापरू नका, ते लगेच धुरावतं आणि कडवट होतं. वरणावर, कोशिंबिरीवर, भाकरीबरोबर कच्चं घ्या, बाटली फोडली की फ्रिजमध्ये ठेवा. जुन्या रंगासारखा वास यायला लागला तर टाकून द्या आणि बाटलीवरचा बॅच नंबर आम्हाला कळवा, त्याच बॅचच्या बाकीच्या बाटल्या उघडून बघता येतात.