नाट्यास्वादाचा प्राथमिक अभ्यासक्रम

नाटक जाणतेपणाने कसे पाहावे, हे शिकवणारा महाविद्यालयीन स्तरावरचा प्रारंभिक अभ्यासक्रम. तो बहुधा एका सत्राचा असतो आणि पुढे नाट्यशास्त्राची पदवी घेण्याचा विचार नसलेल्यांसाठी मुद्दाम खुला ठेवलेला असतो. त्यामुळे वर्गात रसायनशास्त्राचे, वाणिज्याचे, संगणकाचे विद्यार्थी एकत्र बसतात. त्यांतल्या काहींनी तोवर रंगमंचावरचे एकही नाटक पाहिलेले नसते. त्यांना नट किंवा लेखक बनवण्याचा आव हा अभ्यासक्रम आणत नाही. समोर घडते आहे ते कोणी, कशातून आणि कशासाठी घडवले हे ओळखता यावे, आणि ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ याच्या पुढे दोन पाने लिहिता यावीत, एवढी माफक अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती फारशी माफक ठरत नाही.

विद्यापीठांनी नाटकाला बराच काळ छापील साहित्य म्हणूनच वागवले. नाटक भाषेच्या विभागात शिकवले जाई, श्लोकांचा किंवा स्वगतांचा अर्थ सांगितला जाई, आणि ते कोणीतरी उभे राहून करायचे असते हा मुद्दा बाजूलाच राही. विसाव्या शतकाच्या आरंभी हे बदलू लागले. अमेरिकेत हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर यांनी नाट्यलेखनाचा वर्ग चालवला आणि त्याला जोडून विद्यार्थ्यांची नाटके प्रत्यक्ष उभी करणारी कार्यशाळा काढली. १९२५ मध्ये ते येलला गेले. पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेत १९१४ पासून नाट्यकलेची पदवी मिळू लागली. जर्मनीत माक्स हेरमान यांनी नाट्यविद्येचा विषय संहिता नसून प्रयोग आहे, अशी भूमिका घेतली आणि १९२३ मध्ये बर्लिनला त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये विद्यापीठातला पहिला नाट्यविभाग १९४७ मध्ये ब्रिस्टलला सुरू झाला. आस्वादाचा सर्वांसाठीचा वर्ग मुख्यतः अमेरिकेत रुजला. तिथे बऱ्याच महाविद्यालयांत कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला एखादा कलाविषय घ्यावा लागतो आणि चित्रकला, संगीत यांच्या रांगेत नाटकही आले.

प्रेक्षकाने काय करायचे, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धीविषयक, म्हणजे प्रयोगाच्या यशाविषयीच्या, अध्यायात पात्राच्या आनंदाने आनंदणारा आणि शोकाने शोक करणारा तो खरा प्रेक्षक, असे लक्षण दिले आहे. लगेच पुढे व्यवहारी समजही आहे : सगळे गुण एका प्रेक्षकात सापडत नाहीत, तरुणांना शृंगार रुचतो, शूरांना वीर आणि रौद्र. प्रयोगावर वाद झाला तर निवाडा एकट्याने करायचा नाही, असेही तिथे सुचवले आहे. नेपथ्य चित्रकाराने पाहावे, स्वर आणि ताल गायकाने, अंगाची ठेवण धनुर्विद्या जाणणाऱ्याने. आजच्या वर्गात प्रयोगाचे जे तुकडे पाडून दाखवतात त्याची ही चांगली पूर्वसूचना म्हणता येईल. ॲरिस्टॉटलनेही शोकात्मिकेची सहा अंगे मोजली : कथानक, स्वभावरेखा, विचार, भाषा, गीत आणि दृश्य. त्यातले दृश्य त्याने काव्यकलेशी सर्वांत कमी संबंध असलेले ठरवले. नाट्यास्वादाचा शिक्षक नेमका त्यावरच सर्वाधिक वेळ घालवतो, कारण कथानक विद्यार्थ्याला आपोआप कळते. प्रकाश आपोआप दिसत नाही.

अभ्यासक्रमाचा गाभा

प्रारंभ बहुतेकदा रंगमंचाच्या आकारापासून होतो. कमानी रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला असतो, म्हणून दिग्दर्शकाला पात्रांची रचना चित्रासारखी करता येते. प्रेक्षक तीन बाजूंनी बसला की ती रचना मोडते; चारही बाजूंनी बसला की नटाची पाठ कायम कोणाकडे तरी असते आणि उंच नेपथ्य लावणेच अशक्य होते. हे तत्त्व सांगून डोक्यात शिरत नाही. वर्गातली बाके हलवून दोन विद्यार्थ्यांना मधोमध भांडायला लावले की पाच मिनिटांत शिरते.

त्यानंतर येणाऱ्या दोन गोष्टी नवख्यांना हमखास चकित करतात. पहिली म्हणजे काळोखात गप्प बसलेला प्रेक्षक ही अगदी अलीकडची चीज आहे. युरोपातल्या नाट्यगृहांत शतकानुशतके प्रेक्षागारही उजळलेले असे आणि लोक रंगमंचाइतकेच एकमेकांना न्याहाळत. जर्मन संगीतकार वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉइटच्या नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारे केले. लंडनचे सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळले आणि प्रकाश हवा तसा वळवण्याचा मार्ग मोकळा झाला. दुसरी गोष्ट दिग्दर्शकाची. तालमी पूर्वीही होत, पण त्या मुख्य नट किंवा लेखक घेई. प्रयोगाचे प्रत्येक अंग एका दृष्टीखाली आणणारा स्वतंत्र माणूस ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः जर्मनीतल्या माइनिंगनच्या ड्यूकच्या नाटकमंडळीच्या दौऱ्यांमुळे, स्थिरावली. आज ज्याचे नाव आपण सर्वांत आधी विचारतो, तो नाटकाच्या इतिहासात सर्वांत उशिरा आलेल्यांपैकी आहे.

अभिनयाचा भाग शिकवायला सर्वांत अवघड. चांगला नट ओळखता येतो, पण तो काय करतो हे सांगता येत नाही. इथे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतल्या भावाचा) ही अभिनयाची जुनी चौकट अजूनही उपयोगी पडते, कारण ती ‘भावपूर्ण’ या शब्दाची चार भागांत झाडाझडती घेते. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीचा प्रश्नही तितकाच कामाचा आहे : या क्षणी या पात्राला समोरच्याकडून हवे काय? एकच वाक्य माफी मागण्यासाठी, टाळण्यासाठी आणि दुखावण्यासाठी असे तीनदा म्हणायला लावले की संवाद आणि त्याखालचा हेतू यांतला फरक न बोलता पटतो. जर्मन नाटककार ब्रेख्तची ओळख त्यानंतर करून द्यावी. प्रेक्षकाने भारून जाऊ नये, समोर चाललेल्या गोष्टीकडे अंतर राखून पाहावे, हा त्याचा आग्रह भरताच्या प्रेक्षकाच्या अगदी उलट दिशेला जातो. ही तेढ वर्गात सोडवायची घाई केली नाही तर चर्चा चांगली रंगते.

संहिता आणि प्रयोग यांचे नाते दाखवायला नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचे ‘ए डॉल्स हाऊस’ (१८७९) वारंवार निवडले जाते आणि त्याला कारण आहे. नायिका नोराचे गुपित उघड करणारे पत्र दुसऱ्या अंकात दारावरच्या पत्रपेटीत पडते. पेटीची किल्ली नवऱ्याकडे आहे. तिथून पुढे बराच वेळ पात्रे वेगळेच काही बोलत असतात, नोरा नाचाची तालीमही करते, पण प्रेक्षकाचे लक्ष त्या पेटीवर खिळलेले असते. वाचताना ती एक रंगसूचना असते; प्रयोगात ती कुठे लावली, किती मोठी केली, तिच्यावर उजेड ठेवला की नाही, यावर अख्ख्या अंकाचा ताण ठरतो. विद्यार्थ्यांना कागदावर खोलीचा आराखडा काढून पेटीची जागा ठरवायला सांगतात. जो ती प्रेक्षकाच्या नजरेआड ठेवतो त्याला तसे का, याचे उत्तर द्यावे लागते, आणि कधीकधी ते उत्तर चांगले असते. शेवटी नोरा घर सोडते तेव्हा खालून दार मिटल्याचा आवाज येतो. निर्णायक घटना रंगमंचाबाहेर घडते आणि कानांनी कळते. १८८० मध्ये जर्मन रंगभूमीसाठी इब्सेनला हा शेवट नाइलाजाने बदलून द्यावा लागला, कारण आपण मुलांना असे टाकून गेलो नसतो, असे तिथल्या प्रमुख अभिनेत्रीचे म्हणणे होते. नाटकाचा अर्थ कोण ठरवतो, हा प्रश्न मग शिक्षकाला वेगळा काढावा लागत नाही.

परीक्षण

सत्रात एकदोन तरी प्रयोग प्रत्यक्ष पाहून त्यांवर परीक्षण लिहिणे, ही अभ्यासक्रमाची खरी कसोटी. जर्मन कवी गटेने एका इटालियन नाटकावर लिहिताना मांडलेल्या प्रश्नांवरून रूढ झालेले तीन प्रश्न इथे जवळपास सर्वत्र वापरतात : कलावंताला काय करायचे होते, ते त्याने किती साधले, आणि ते करण्याजोगे होते का. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. नवखा लेखक थेट तिसऱ्यावर उडी मारतो, नाहीतर चार पानांत नुसती गोष्ट सांगून मोकळा होतो.

म्हणून पुष्कळ शिक्षक आधी केवळ वर्णन मागतात आणि ‘अप्रतिम’, ‘उत्कृष्ट’, ‘कंटाळवाणे’ असे शब्द त्यात येऊ देत नाहीत. ‘नायिका फार दुःखी वाटली’ यावर लाल रेघ येते. तेच वाक्य दुसऱ्या खर्ड्यात असे होते : ‘बातमी ऐकल्यावर ती पाठमोरीच राहिली, हातातला पेला टेबलाच्या अगदी कडेला ठेवला आणि नंतरचे वाक्य नेहमीपेक्षा हळू, पण प्रत्येक शब्द तोडून म्हणाली.’ आता वाचणाऱ्याला दुःख दिसते. शिवाय पेला कडेला ठेवणे ही नटीची सूचना की दिग्दर्शकाची, असा विचार करायला जागा राहते. प्रयोग चालू असताना मांडीवर वही घेऊन लिहीत बसणे चुकीचेच, कारण लिहिताना नजर खाली जाते. मध्यंतरात आणि पडदा पडल्याबरोबर टिपणे काढावीत. दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवणीतल्या हालचाली निम्म्याने पुसल्या जातात.

प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी चित्रीकरण चालेल का, हा वाद २००९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपण सुरू केल्यापासून वाढला. जिथे जवळपास नाटके होतच नाहीत तिथे चित्रीकरण हाच आधार असतो, हे मान्य. पण कुठे पाहायचे हे तिथे कॅमेऱ्याने आधीच ठरवलेले असते. बोलणाऱ्याला सोडून कोपऱ्यातल्या गप्प पात्राकडे पाहण्याची मुभा उरत नाही. शिवाय एका ठिकाणी हशा आल्यावर नटाने पुढचे वाक्य किती लांबवले, हेही चित्रीकरणात एकदाच गोठून राहते.

अभ्यासक्रमावर होणाऱ्या टीकेत तथ्य आहे. ग्रीक काळापासून आजवरचा इतिहास कोंबण्याच्या नादात पाहण्याचा सराव मागे पडतो. जपानी नोह, कथकली, चिनी ऑपेरा यांना मिळून एखादा आठवडा दिला जातो, जणू ते मुख्य प्रवाहाचे परिशिष्ट आहे. मोठ्या वर्गांत परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते, आणि रंगमंचाच्या भागांची नावे अचूक सांगणारा विद्यार्थी प्रयोगात काहीच न पाहताही उत्तीर्ण होतो. यावर काही शिक्षकांनी साधा उपाय काढला आहे. ते एकाच निर्मितीचा प्रयोग दोन वेगवेगळ्या दिवशी पाहायला लावतात आणि परीक्षणात फक्त फरक मागतात : कोणता विराम लांबला, कुठे प्रेक्षक हसले नाहीत, कोणत्या नटाने त्यामुळे पुढच्या प्रवेशाची गती बदलली.