डांबरीकरणाचा खर्च : ड्राइव्हवे आणि पार्किंग

घरासमोरचा ड्राइव्हवे किंवा गाड्या लावायची मोकळी जागा डांबरी करून घ्यायला किती पैसे लागतील याचा हिशेब. बोलताना दर चौरस फुटावर किंवा चौरस मीटरवर सांगितला जातो, पण माल विकला जातो टनावर आणि काम टिकतं ते खालच्या थरांवर, त्यामुळे नुसता क्षेत्रफळाचा दर ऐकून दोन कोटेशनची तुलना करता येत नाही. जाडी किती, ती दाबल्यानंतरची की सैल अंथरतानाची, आणि खाली काय घालणार, हे लिहून घेतल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आधी शब्दाचा घोळ, कारण तो थेट पैशात उतरतो. 'डांबर' शब्दाच्या मुळाबद्दल एकमत नाही. हिंदीत डामर आहे, मलाय भाषेत दामार म्हणजे झाडाची राळ, आणि ही राळ होड्यांच्या फटी बुजवायला वापरत. राळेवरून फटी बुजवायचं कुठलंही काळं चिकट द्रव्य, त्यावरून कोळशाचं टार आणि शेवटी रस्त्यावरचं बिटुमेन, असा अर्थ सरकत आला असावा हे मत जास्त पटतं. संस्कृतात डामर शब्द आहे खरा पण त्याचा अर्थ गोंधळ, दंगा असा आहे, तो इथे ओढून आणल्यासारखा वाटतो. महत्त्वाचं म्हणजे टार आणि बिटुमेन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टार कोळसा हवाबंद तापवून निघतं, बिटुमेन कच्च्या तेलातले हलके भाग काढून घेतल्यावर तळाशी उरतं, आणि आपण दोन्हीला डांबरच म्हणतो. त्यात असफाल्ट या शब्दाची भर! अमेरिकेत असफाल्ट म्हणजे बरेचदा नुसतं ते काळं बांधणारं द्रव्य, ब्रिटनमध्ये तेच बिटुमेन आणि असफाल्ट म्हणजे खडी घातलेलं तयार मिश्रण. आता तयार मिश्रणात बिटुमेन वजनाने साधारण 5 ते 6 टक्केच असतं, बाकी सगळी खडी, कच आणि बारीक भुकटी. म्हणजे 'टनाला इतके' असं कुणी म्हटलं आणि टन कशाचा ते विचारलं नाही तर हिशेब पंधरा-वीस पटीने चुकू शकतो.

इतिहासही थोडा गुंतागुंतीचा आहे. बॅबिलोनमध्ये नाबोपोलासर राजाच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस, विटा बिटुमेनमध्ये बसवून मिरवणुकीचा रस्ता केला होता, त्यालाच बरेच जण पहिला डांबरी रस्ता म्हणतात, पण ते विटांचं बांधकाम आहे, आजच्या अर्थाचं फरसबंदीचं मिश्रण नाही. आजच्याशी जवळचं नातं एकोणिसाव्या शतकातल्या कामांचं. बेल्जियन रसायनतज्ज्ञ एडमंड डी स्मेट याने 1870 मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्क इथे असा रस्ता केला, पुढे 1876-77 च्या सुमारास वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर त्रिनिदादच्या नैसर्गिक डांबर-तळ्यातला माल वापरला गेला. ब्रिटनमध्ये एडगर हूलीने 1902 मध्ये टारमॅकचं, म्हणजे टारमध्ये घोळलेल्या खडीचं, पेटंट घेतलं, टार ओतून खडी बांधायचे प्रयत्न मात्र त्याच्या बरेच आधीपासून चालू होते, त्यामुळे त्याला जनक म्हणण्यापेक्षा ते नीट कारखान्यात बसवणारा म्हणणं रास्त. खर्चाच्या दृष्टीने खरं वळण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं, जेव्हा तेलशुद्धीकरणातलं बिटुमेन नैसर्गिक डांबराच्या पुढे गेलं. तेव्हापासून डांबरीकरणाचा दर कच्च्या तेलाच्या भावाला बांधला गेला तो आजतागायत, आणि म्हणूनच कोटेशनची मुदत कमी ठेवलेली असते.

टनाचं गणित सोपं आहे, स्वतः करून बघावं. दाबून बसलेल्या मिश्रणाची घनता घनमीटरला साधारण 2.3 ते 2.4 टन. 100 चौरस मीटरवर 50 मिलिमीटर थर म्हणजे 5 घनमीटर, म्हणजे पावणेबारा टनांच्या आसपास. तोच थर 40 मिलिमीटरचा केला की साडेनऊ टनांपेक्षाही कमी. वरून दोन्ही सारखेच काळेकुळकुळीत दिसतात! सव्वादोन टनांहून जास्त फरक उघड्या डोळ्यांना दिसत नाही, तो दिसतो काही वर्षांनी. शिवाय सैल मिश्रण दाबताना खाली बसतं, 50 हवे असतील तर 62-63 पर्यंत अंथरावं लागतं, म्हणून पेव्हरच्या, म्हणजे मिश्रण अंथरणाऱ्या यंत्राच्या, मागे पट्टी खुपसून 'बघा 50 आहे' असं दाखवलं तर ते रोलर फिरल्यावर 40 च राहणार. जाडी खडीच्या आकारावरही ठरते. थर सर्वात मोठ्या खडीच्या किमान तिप्पट-चौपट तरी हवा, नाहीतर खडी रोलरखाली फुटते किंवा नुसती फरपटत जाते आणि दबाई होतच नाही.

नेहमीच्या पद्धतीत ड्राइव्हवेला 50 ते 75 मिलिमीटर डांबरी थर आणि खाली 100 ते 200 मिलिमीटर दाबलेली खडी, पार्किंगला त्याहून जास्त, असं धरतात, पण हे आकडे जमीन चांगली असेल तरच. चिकणमाती असेल, पाणी साठत असेल, जुना भराव असेल तर खोदाई आणि खडीचा खर्च वरच्या काळ्या थरालाही मागे टाकू शकतो. माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण स्वस्त कोटेशनमध्ये कापलेली असते ती न दिसणारी खडी. ढाळही त्यातच आला. 2 टक्के उतार, म्हणजे मीटरला 2 सेंटिमीटर, एवढा दिला की पाणी निघून जातं, पण लेव्हल मुळात सपाट असेल तर तेवढा उतार काढायला खालीच भर घालावी लागते किंवा पाइप आणि चेंबर बसवावे लागतात, आणि ते वेगळं बिल.

पार्किंगचा हिशेब गाड्यांच्या संख्येवरूनही लावतात. एका गाडीची चौकट साधारण अडीच बाय पाच मीटर, पण ये-जा करायच्या वाटा धरल्या की गाडीमागे 25 ते 30 चौरस मीटर लागतात, म्हणजे 100 गाड्यांना अडीच ते तीन हजार चौरस मीटर. आता ही सगळी जागा एकाच जाडीची करायची का? 1958 ते 1960 मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ जो मोठा रस्ता-प्रयोग झाला त्यातून चौथ्या घाताचा नियम निघाला, म्हणजे चाकांच्या आसावरचा भार दुप्पट झाला की नुकसान सोळा पट. हा घात नेमका चारच का यावर अभ्यासक भांडतात, रस्ता कुठल्या प्रकारे बिघडतो त्यावर तो तीनच्या आसपासही येतो आणि पाचाच्या वरही जातो. पार्किंगपुरतं या वादाने फारसं बिघडत नाही. गाडीच्या आसावर पाऊण टन आणि कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या आसावर साडेसात टन धरले तर तिसऱ्या घाताने हजार पट, चौथ्याने दहा हजार पट नुकसान. कुठलाही आकडा घ्या, ट्रक जिथून जातो आणि जिथे कचरापेटी उचलायला थांबतो तेवढाच पट्टा जाड करणं आणि बाकी जागा गाड्यांपुरती ठेवणं हाच खर्च वाचवायचा खरा मार्ग. आणखी एक, उभ्या गाडीचं स्टिअरिंग जागच्या जागी वळवलं की नव्या डांबरावर टायरखाली गोल ओरखडा उमटतो, उन्हात जास्तच. तो बांधणीचा दोष असतोच असं नाही, मिश्रण अजून मऊ असतं.

छोट्या कामाचा दर मोठ्यापेक्षा जास्त का, तर पेव्हर, रोलर, टँकर आणि माणसं साइटवर आणायचा खर्च ड्राइव्हवे असो की मैदान, जवळपास तेवढाच. मिश्रण प्लांटमधून 150-160 अंश सेल्सिअसला निघतं आणि 80-85 अंशांच्या खाली गेलं की रोलर फिरवून उपयोग नसतो, त्यामुळे प्लांट किती लांब आहे, हवा किती थंड आहे, थर किती पातळ आहे, सगळं दरात येतं. पातळ थर तर अक्षरशः काही मिनिटांत निवतो. कोपरे, झाडांभोवतीचे कट्टे, गेटची अरुंद तोंडं इथे पेव्हर जात नाही, हाताने अंथरावं लागतं, मजुरी वाढते आणि दबाई कमी पडते. जुनं डांबर खरवडून नव्यात मिसळलं तर खडी आणि बिटुमेन दोन्हीची बचत होते, प्लांटची तयारी असेल तर विचारून बघावं.

देखभालीत भेगा भरणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचं, कारण पाणी भेगेतून खाली खडीत गेलं की वरून काही करून भागत नाही. गाडीतून गळणारं तेल आणि डिझेल बिटुमेन विरघळवतं, त्यासाठी वरून सीलकोट, म्हणजे संरक्षणाचा पातळ लेप, मारतात. त्यातले टारवाले सीलकोट इंधनापुढे जास्त टिकतात, पण त्यातली बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन नावाची घातक रसायनं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-तळ्यांत जातात असं दिसल्यावर अमेरिकेत ऑस्टिन शहराने 2006 पासून आणि वॉशिंग्टन राज्याने 2011 मध्ये ठरवून त्यांच्यावर बंदी घातली. टार आणि बिटुमेन दोन्हीला डांबर म्हणायची सवय इथे महागात पडते, सीलकोट घेताना डबा टारचा आहे की बिटुमेनचा ते वाचूनच घ्यावं.