शब्दाचं काम आणि शब्दाचा आवाज

'या जगात आनंदानं जग.' हे वाक्य मोठ्यानं वाचा. ज तोच, ग तोच. तरी पहिल्या 'जग'मध्ये जीभ टाळूला टेकते आणि दुसऱ्यात ती दातांकडे सरकते. पहिलं नाम, दुसरं क्रियापद. म्हणजे शब्द वाक्यात कोणतं काम करतोय हे ओळखल्यावरच आपण त्याचा उच्चार ठरवला, आणि तेही नकळत.

लहान मुलांना वाचायला शिकवताना मात्र या दोन गोष्टींची फारकत होते. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड, म्हणजे फोनिक्स, सुरुवातीला. शब्दांच्या जाती पुढे कधीतरी, व्याकरणाच्या तासाला, व्याख्यांसकट. मला ही फारकत खटकते, कारण इंग्रजी वाचनातले कितीतरी 'अपवाद' तिच्यामुळेच अपवाद वाटतात.

'टी-एच' ही जोडी घ्या. थिन, थिंक, थम, थ्री यांत ती 'थ'च्या जवळ जाते. दिस, दॅट, दे, देन यांत 'द'च्या. मुलांना हे पाठ करायला सांगतात. खरं तर इथे सुंदर नियम आहे. शब्दाच्या सुरुवातीचा 'द'सारखा उच्चार सर्वनामं, दर्शक शब्द, 'देन'-'देअर'सारखी छोटी अव्ययं अशा वाक्य जोडणाऱ्या, दिशा दाखवणाऱ्या शब्दांत येतो. नाम, क्रियापद, विशेषण असेल तर जवळपास नेहमी 'थ'. शब्दाच्या शेवटीही असा खेळ दिसतो: 'यूस' नाम, 'यूझ' क्रियापद, 'हाउस' नाम, 'हाउझ' क्रियापद.

भूतकाळाचा 'ई-डी' तर याहून बोलका. 'जम्प'चं होतं 'जम्प्ट', 'कॉल'चं 'कॉल्ड', 'वॉन्ट'चं 'वॉन्टिड'. लिहायचं तिन्हीकडे 'ई-डी'च. घशावर बोट ठेवून म्हणून बघा: 'प' कठोर वर्ण, त्याच्या वेळी घसा थरथरत नाही, म्हणून पुढे 'ट'. 'ल' मृदू, म्हणून 'ड'. 'वॉन्ट'च्या शेवटी आधीच 'ट' आहे, त्याला लगेच दुसरा चिकटवता येत नाही, म्हणून मध्ये स्वर. आवाज तोंडाच्या सोयीनं बदलतो. लेखन बदलत नाही, कारण ते सांगतं, 'हे क्रियापद आहे आणि काम होऊन गेलंय.'

ब्रिटनमध्ये टेरेझिना नुनेस, पीटर ब्रायंट आणि मिरियम बिंडमन यांनी 1997 साली मुलांच्या स्पेलिंगवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं आधी ऐकू येईल तसं लिहितात. मग 'ई-डी' सापडतो, आणि ती तो भलतीकडेच लावू लागतात, अगदी 'सॉफ्ट' या विशेषणाच्या शेवटच्या 'ट'च्या जागीही! काही काळानं तो फक्त क्रियापदांपुरता उरतो. मधली ती चूक मला फार मोलाची वाटते. मुलाला नमुना सापडलाय, त्याची हद्द अजून सापडायची आहे. ती हद्द फोनिक्स दाखवू शकत नाही, कारण ती शब्दाच्या जातीत आहे.

एवढ्या लहान वयात जाती कळतात का? कळतात, व्याख्येशिवाय. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी 1957 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एक चित्र दाखवलं: एका भांड्यातला अनोळखी पदार्थ दोन हात मळताहेत. सोबत 'सिब' हा बनवलेला शब्द. 'सिबिंग' म्हटलं की मुलं बहुधा मळण्याची क्रिया दाखवत, 'अ सिब' म्हटलं की भांडं, आणि 'सम सिब' म्हटलं की तो पदार्थ. नाम म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

फोनिक्सला कमी लेखायचं नाही. 26 अक्षरं आणि सुमारे 44 ध्वनी असलेल्या भाषेत ही सांगड क्रमानं, पद्धतशीर शिकवल्याचा फायदा होतो, हे अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या 2000 सालच्या अहवालानं मांडलं होतं. फक्त सुटा शब्द वाचून झाला की तो लगेच वाक्यात ठेवायला हवा. आणि मुलानं 'सॉफ्ट'ला 'ई-डी' लावलाच, तर लाल पेन बाजूला ठेवून विचारावं, 'काल मी काय काय केलं, यात हा शब्द बसतो का?' ते तोंडातल्या तोंडात वाक्य म्हणून बघेल, थांबेल, आणि खोडरबर शोधू लागेल.